बे एरियातल्या मराठी पालकांना खुलं पत्र : आपल्या शाळांमधल्या अफगाण मुलांबद्दल

नमस्कार मंडळी,

हे पत्र कॅलिफोर्नियाच्या बे एरियात फ्रीमाँट, न्यूअर्क, युनियन सिटी, हेवर्ड या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी आईबाबांसाठी आहे, म्हणजे ज्यांची मुलं आत्ता इथल्या पब्लिक स्कूलमध्ये जातात त्यांच्यासाठी, आणि मंडळाच्या कमिटीतल्या सगळ्यांसाठीही. विषय आहे २०२१ नंतर आपल्या मुलांच्या वर्गात आलेली अफगाण मुलं आणि त्यांच्या घरचे. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय अधूनमधून निघतो, चार मेसेज इकडून चार तिकडून येतात, मग कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि विषय बुडतो. मी इंग्लिश शिकणाऱ्या मुलांच्या वर्गात मदतीला जाते, त्यामुळे ही मुलं आणि त्यांच्या आया मला रोज दिसतात, आणि जे दिसतं ते ग्रुपवरच्या बोलण्याशी अजिबात जुळत नाही. म्हणून सविस्तर लिहितेय. लांबलंय, पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आधी ग्रुपवर काय चालतं ते स्पष्टच लिहिते. "इंग्लिश न येणारी मुलं वाढली की शाळेचं रेटिंग पडणार, मग घराच्या किमतीचं काय." "हे लोक कधी मिसळतच नाहीत." आणि मध्यंतरी कोणीतरी सहावीतल्या मुलांच्या फोटोखाली लिहिलं, "अब्दालीची पिल्लं". त्यावर हसण्याचे इमोजी आले, त्यात दोन आया होत्या ज्यांची मुलं त्याच फोटोत आहेत. पानिपत आपल्या सगळ्यांच्या काळजात आहे, मीही शाळेत ते वाचून रडलेय. पण १७६१ सालचं खापर अकरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर फोडायचं? त्या पोराचा बाप अमेरिकन सैन्याचा दुभाषा होता आणि त्याच कारणासाठी जीव मुठीत धरून काबूलमधून पळाला. ते पोरगं आपल्या मुलांच्या शेजारी बसून फ्रॅक्शन्स करतंय. ग्रुपच्या अॅडमिन लोकांनी हे तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं, इतकं मी ठामपणे म्हणेन.

ही मंडळी आली कुठून हे बऱ्याच जणांना माहीत नाही. फ्रीमाँटमध्ये अफगाण लोक आपल्या आधीपासून आहेत. १९७९ मध्ये सोव्हिएत सैन्य घुसलं, त्यानंतर ऐंशी-नव्वदच्या दशकात खूप कुटुंबं इथे आली, सेंटरव्हिलमध्ये त्यांची दुकानं झाली, त्या भागाला लिटल काबूल म्हणतात. आपण सगळे तिथे नान आणि बोलानी (भरलेली पोळी) घ्यायला जातोच. ते लोक आता सेटल आहेत, त्यांची मुलं डॉक्टर-इंजिनियर झालीत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं आणि त्यानंतर सरकारने ७६,००० हून जास्त अफगाणांना अमेरिकेत आणलं, ही दुसरी लाट एकदम वेगळी आहे. यातली कितीतरी कुटुंबं आधी महिनोनमहिने विस्कॉन्सिनच्या, न्यू जर्सीच्या लष्करी तळांवर राहिली आणि मग कुठेतरी पाठवली गेली. रिसेटलमेंटची, म्हणजे इथे नव्याने वसण्यासाठीची, सुरुवातीची सरकारी मदत साधारण ९० दिवसांची असते. नव्वद दिवसांत भाषा, नोकरी, घर, सगळं जमवायचं, आणि तेही बे एरियाच्या भाड्यात! आपण इथे आलो तेव्हा कंपनीने हॉटेल दिलं होतं, रिलोकेशनवाल्या बाईने शाळा दाखवल्या होत्या, मुलांचं इंग्लिश आधीच पक्कं होतं. तरी पहिलं वर्ष किती जड गेलं ते आठवा जरा.

बरं, "अफगाण" म्हटलं की सगळे एकाच माळेतले असंही नाही. दरी (अफगाण फारसी) बोलणारे, पश्तो बोलणारे, हजारा, ताजिक, पश्तून, सुन्नी, शिया, शिवाय अफगाण शीख आणि हिंदूही आहेत. शाळा दोन मुलांना "एकाच देशाचे ना" म्हणून शेजारी बसवते आणि त्यांना एकमेकांची भाषा धड येत नसते. आपल्याला कोणी "तुम्ही इंडियन ना, मग तमिळ येत असेल" म्हटल्यावर जसं होतं तसंच.

आता मुलींबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. सप्टेंबर २०२१ पासून अफगाणिस्तानात सहावीच्या पुढच्या मुलींची शाळा बंद आहे. मार्च २०२२ मध्ये उघडणार असं सांगितलं, मुली युनिफॉर्म घालून गेल्या आणि त्याच दिवशी परत पाठवल्या. त्यातल्या काही मुली उशिरा, कोणी पाकिस्तानातून कोणी कतारमधून, इथे पोचल्या. चौदाव्या वर्षी शिक्षण मध्येच तुटलेलं, आणि इथे वयावरून थेट नववीत बसवतात. अल्जिब्राच्या वर्गात त्या वहीत सगळं उतरवून घेतात, एकही शब्द कळला नाही तरी. डोक्यावर स्कार्फ आहे म्हणून त्यांना "मागासलेल्या" ठरवणाऱ्या आपल्या बायकांनी एकदा त्या वर्गात येऊन बसावं. शिकण्याची एवढी भूक मी आपल्या मुलांमध्ये पाहिलेली नाही, आणि हे मी आपल्या मुलांना नावं ठेवायला म्हणत नाहीये, त्यांच्याकडून शाळा कोणी हिसकावली नाही म्हणून त्यांना ती भूक नाही, इतकंच.

हायस्कूलमध्ये उशिरा आलेल्या मुलांचं तर फारच अवघड आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, काबूलच्या शाळेचे कागद नाहीत, मार्कशीट नाही, मग क्रेडिट्स (डिप्लोमासाठी मोजले जाणारे पूर्ण केलेले कोर्स) शून्यापासून. घरात बाप रात्री डिलिव्हरी करतो, आईला इंग्लिश येत नाही, म्हणून डीएमव्ही (लायसन्सचं ऑफिस), दवाखाना, बँक, घरमालक, सगळीकडे हाच दुभाषा. मंगळवारी शाळा बुडते, गुरुवारी बुडते, शाळेकडून गैरहजेरीचं पत्र येतं आणि ते पत्रही घरी तोच वाचून दाखवतो. घरातला हिशोबच उलटा होतो बघा, बाप मुलावर अवलंबून, मग बापाचा शब्द चालेनासा होतो, चिडचिड, भांडणं, आणि मुलगा म्हणतो शाळा सोडतो, नोकरी करतो. काउन्सेलरही कामाच्या ओझ्याखाली दबलेले असतात, प्रत्येकाकडे शेकड्याने मुलं.

इथे आपल्या कामाचा एक मुद्दा. कॅलिफोर्नियात नव्याने देशात आलेल्या मुलांसाठी २०१८ चा एक कायदा आहे, एबी २१२१. अशी नवी आलेली मुलं हायस्कूलच्या तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षात असतील तर स्कूल डिस्ट्रिक्टने (भागातल्या पब्लिक स्कूल चालवणाऱ्या संस्थेने) राज्याच्या वर लावलेल्या जादा अटींमधून त्यांना सूट मिळू शकते, राज्याचे किमान कोर्स पूर्ण केले की डिप्लोमा, आणि पाचवं वर्ष शिकायचा पर्यायही असतो. ही सूट शाळेने स्वतःहून सांगायची असते. पण ते पत्र इंग्लिशमध्ये जातं, एखाद्या पालकांच्या अॅपवर, जे घरात कोणी उघडलेलंच नसतं. शाळेतल्या किमान १५ टक्के मुलांची घरची भाषा तीच असेल तरच पत्रकं त्या भाषेत भाषांतर करणं राज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि दरी-पश्तोची मुलं बऱ्याच शाळांत तेवढी नसतात. अर्थात फेडरल कायद्याने पालकांना फुकट दुभाषा मागायचा हक्क आहेच, पण मागायचा असतो हे माहीत तर हवं! आपल्याला हे सगळं माहीत असतं. आयईपी (खास गरज असलेल्या मुलाचा शिक्षण आराखडा) असो, गिफ्टेडची टेस्ट असो, मॅथ प्लेसमेंट असो, आपण तीन मेल लिहितो, प्रिन्सिपलला भेटतो, नाही ऐकलं तर डिस्ट्रिक्ट ऑफिसात जातो. या कुटुंबांकडे इच्छा आहे, कष्ट आहेत, मुलांवर जीव आहे. शाळेच्या यंत्रणेत कुठलं दार कधी ठोठवायचं ते सांगणारं माणूस नाही. आपण ते माणूस होऊ शकतो, मला या पत्रात मुख्य हेच म्हणायचंय.

आणि आपल्याला ते इतरांपेक्षा सोपं आहे, का ते सांगते. हिंदी मालिका दरीत डब होऊन काबूलमध्ये घराघरात लागायच्या, हिंदी सिनेमे तर सगळ्यांनीच पाहिलेले. जी कुटुंबं काही वर्षं पेशावर-क्वेट्टाला राहिली त्यांना उर्दू येतं. त्यामुळे कितीतरी आया माझ्याशी मोडक्यातोडक्या का होईना हिंदीत बोलतात, गोऱ्या टीचरला एक शब्द न बोलणारी बाई माझ्याशी अर्धा तास बोलते. आणि पुणं! पुण्याच्या विद्यापीठात आणि कॉलेजांत भारत सरकारच्या आयसीसीआरच्या स्कॉलरशिपवर किती अफगाण मुलं शिकून गेलीत, पुणेकरांना वेगळं सांगायला नको. एका मुलीचे वडील असेच पुण्यात शिकलेले निघाले, कोथरूडला भाड्याने राहायचे, मी मराठी आहे हे कळल्यावर म्हणाले "कसं काय, बरं आहे ना?" आणि मग बराच वेळ आम्ही कर्वे रोडच्या ट्रॅफिकवर बोललो. आज ते गोडाऊनमध्ये रात्रपाळी करतात. त्यांना कोणी आपल्या गणपतीला बोलावलंय का?

रोजच्या गोष्टींमध्ये सगळ्यात मोठी अडचण कुठली असं मला विचाराल तर मी म्हणेन गाडी. इथे बहुतेक मुलांना स्कूलबस नाही. घरात एकच गाडी, ती वडिलांकडे, आईला लायसन्स नाही, मग लहान मुलाला कडेवर घेऊन ती दोन मैल चालत सोडायला जाते, पावसात मुलं घरीच राहतात. आफ्टरस्कूल क्लब, फुटबॉल, लायब्ररीतलं होमवर्क हेल्प, सगळं सुटतं, आणि मग आपण म्हणतो ही मुलं मिसळत नाहीत. साडेतीन नंतर थांबताच येत नसेल तर मिसळणार कधी? आपल्या प्रत्येक व्हॅनमध्ये एक तरी सीट रिकामी जाते. आईला आधी भेटा, चहा घ्या, नंबर द्या, ओळख झाल्यावरच विचारा, कारण अनोळखी माणसाच्या गाडीत आपणही आपली मुलगी बसवणार नाही. मी सांगते, कारपूलने जेवढं काम होतं तेवढं कुठल्याच वर्कशॉपने होत नाही.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. शाळेत २०२२ पासून सगळ्यांना फुकट जेवण आहे, पण हलाल मिळत नसेल तिथे ही मुलं चीज पिझ्झा नाहीतर सफरचंद खाऊन दिवस काढतात, आपल्या शाकाहारी मुलांसारखंच. जिलेटीन, पेपरोनी, मार्शमेलो हे प्रश्न दोघांचेही आहेत, तेव्हा मेनूबद्दल मेल लिहाल तेव्हा दोन्ही लिहा. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्या दिवसांत पीईला (व्यायामाच्या तासाला) मैलभर पळवू नका आणि लंचला कॅफेटेरियाऐवजी लायब्ररीत बसू द्या, एवढीच मागणी असते. बरेच टीचर लगेच हो म्हणतात, फक्त कोणीतरी आधी सांगावं लागतं. हायस्कूलमध्ये मुस्लिम मुलांचा क्लब असतो त्यावर ग्रुपवर कोणीतरी नाक मुरडलं होतं. १९८४ च्या इक्वल अॅक्सेस कायद्याने तो हक्क सगळ्याच धर्मांच्या मुलांना दिलाय, ख्रिश्चन मुलांचा क्लब चालतो तसाच हा, आणि आपल्या मुलांनी हिंदू क्लब काढला तर तोही याच कायद्याखाली.

आता चिडवण्याबद्दल, आणि इथे आपल्या घरात बघायला लागेल. एका मुस्लिम संशोधन संस्थेच्या २०१७ च्या देशभरच्या पाहणीत शाळकरी मुलं असलेल्या ४२ टक्के मुस्लिम पालकांनी सांगितलं की धर्मावरून मुलांना छळलं गेलं, आणि दर चारपैकी एका प्रकारात शिक्षक किंवा शाळेतलंच मोठं माणूस सामील होतं. कॅलिफोर्नियात सातवीला मध्ययुगीन इस्लामचा धडा असतो, त्या दोन-तीन आठवड्यांत सगळा वर्ग एका मुलाकडे वळून बघतो, टीचर म्हणते तू सांग ना, तुमच्यात असं का असतं. सहावीत प्राचीन भारताच्या धड्याला आपल्या मुलांचं अगदी हेच होतं, जातीवर प्रश्न, गायीवर प्रश्न, आणि मूल घरी येऊन म्हणतं मला उद्या जायचं नाही. त्या धड्यांतल्या मजकुरासाठी २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये आपले लोक राज्याच्या राजधानीत सॅक्रमेंटोपर्यंत गेले, सुनावण्यांना रांगा लावून बोलले. मग सातवीतल्या त्या मुलाचं दुःख आपल्याला इतरांपेक्षा जास्त समजायला हवं.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनमध्ये एका अफगाण माणसाने नॅशनल गार्डच्या दोन जवानांवर गोळ्या झाडल्या, त्यातली एक तरुण मुलगी गेली. भयंकरच होतं ते, गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी. पण लगेच सगळ्याच अफगाणांच्या इमिग्रेशन अर्जांचं काम सरकारने थांबवलं, त्याआधी जूनमध्ये अफगाणिस्तानावर प्रवासबंदी आलेली होतीच. ज्यांची केस अर्धवट आहे अशा घरांमध्ये तेव्हापासून काय वातावरण असेल? त्या आठवड्यात वर्गात मुलं गप्प होती. आणि एका मुलाला "तुझा काका होता का तो" असं विचारणारा मुलगा आपल्यातला होता, भारतीय. नाव मी कुठेच सांगणार नाही, तो लहान आहे, त्याने हे कुठूनतरी ऐकलंय. कुठून, ते आपण आपापल्या घरात शोधू.

काही जण म्हणतील की २०१७ मध्ये कॅन्सासला श्रीनिवास कुचिभोटलाला इराणी समजून मारलं, म्हणजे आपल्यालाही धोका आहे म्हणून आपण यांच्या बाजूने उभं राहायचं. मला हा मुद्दा अर्धाच पटतो. त्याला चुकून मारलं म्हणून ते वाईट नव्हतं. तो खरंच इराणी असता तरी ते तेवढंच वाईट होतं. मुलांना हे असंच समजवा.

ज्यांच्या मनात खरी शंका आहे त्यांनाही उत्तर द्यायला हवं. हो, काही वडील मुलीला पीईचे कपडे घालू देत नाहीत, कॉलेजला लांब पाठवायला तयार नसतात, लग्नाची घाई करतात. मी पाहिलंय आणि मला ते मान्य नाही, मी त्या घरात बसून तसं बोललेही आहे. पण काउन्सेलरने ऑफिसात बोलावून सुनावलं की दार बंद होतं, आणि दुसऱ्या आईने घरी जाऊन, माझी मुलगी पण जाते, फुल पँट आणि लांब बाह्या चालतात, मी टीचरशी बोलते, असं म्हटलं की दार उघडतं. स्लीपओव्हरला नको, प्रॉमला (हायस्कूलच्या डान्स पार्टीला) नको, यावर आपल्या घरांत काय कमी वाद झालेत का? वेळ सगळ्यांनाच लागतो. आणि भारतातल्या राजकारणाचा राग या मुलांवर काढणाऱ्यांना एवढंच विचारते की यांचा त्याच्याशी संबंध काय?

मंडळाच्या कमिटीला एक वेगळी विनंती. आपल्याच भागात रत्नागिरीची, भिवंडीची, कल्याणची मराठी बोलणारी मुस्लिम कुटुंबं आहेत. त्यांची मुलं मंडळाच्या मराठी शाळेत का दिसत नाहीत? मी एका ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "एकदा आलो होतो, तीन जणांनी विचारलं तुम्ही मराठी कशा, मग नाही आलो." घरात आमच्यापेक्षा रसाळ कोकणी बोलतात त्या. त्यांना कमिटीने स्वतः फोन करून बोलवा, आणि दिवाळीच्या कार्यक्रमात नुसतं प्रेक्षक म्हणून नको, कार्यक्रम बसवायला, स्वयंपाकाच्या टीममध्ये घ्या. नव्या अफगाण कुटुंबांपर्यंत जायचा रस्ताही त्यांच्यामुळेच सोपा होईल, ईदला त्या एकमेकींना मशिदीत भेटतात.

शेवटचं, सुट्ट्यांचं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसमनी दिवाळीच्या कायद्यावर सही केली तेव्हा आपण किती खूश झालो! शाळांना आता दिवाळीला बंद ठेवायची मुभा आहे. न्यूयॉर्क शहरात शाळांना ईदची सुट्टी २०१५ मध्ये जाहीर झाली, आणि दिवाळीची पहिली सुट्टी १ नोव्हेंबर २०२४ ला मिळाली. तिथल्या मुस्लिम पालकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, हजेरीचे आकडे मांडले, आणि त्याच वाटेने आपली मागणी पुढे गेली. इथेही मुद्दा पैशांचाच मांडा, कारण कॅलिफोर्नियात डिस्ट्रिक्टला पैसे रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतात, धार्मिक सणाची रजा मंजूर असली तरी त्या दिवशीचे पैसे जातात. ज्या शाळेत ईदला आणि दिवाळीला वर्ग अर्धे रिकामे असतात तिथे ही मागणी एकत्र केली तर स्कूल बोर्डाला ऐकावं लागेल.

पुढच्या वर्षाचं कॅलेंडर बोर्डासमोर येईल त्या मीटिंगला मी दोन्ही सणांवर बोलणार आहे. माझ्याबरोबर दोन अफगाण आया यायला तयार आहेत, दरीत बोलतील, दुभाषा लागेल. दुभाष्याच्या मदतीने बोलणाऱ्याला नेमलेल्या वेळेच्या किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो, हा राज्याचा कायदा आहे, त्यामुळे त्यांना घाई करावी लागणार नाही. मराठी पालकांपैकी किमान पाच-सहा जण हवेत, आणि त्या संध्याकाळी दोघींच्या लहान मुलांना सांभाळायला कोणीतरी हवंय. शाळेत व्हॉलंटियर व्हायचं असेल तर टीबी टेस्ट आणि फिंगरप्रिंटला वेळ लागतो, तेव्हा आत्ताच सुरू करा. कारपूलसाठी ज्यांना जमेल त्यांनी तुमची शाळा, सुटायची वेळ आणि किती सीट रिकाम्या, एवढं मला पर्सनलवर कळवा, ग्रुपवर नको.

तुमच्यातलीच एक आई,
फ्रीमाँट